स्लाईड हलवा, पण कामापुरती

बाजारात माल चांगला असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाला नीट दाखवता यावा लागतो, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कापड दुकानदार थानाचे नुसते वर्णन करीत नाही, तो ते उलगडून समोर टाकतो. भांडीवाला पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकवतो. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो. हे दाखवण्याचे काम आता संगणकाच्या पडद्यावरही आले आहे. वसतिगृहाच्या गाद्या असोत, शाळेचे बाक असोत, मंगल कार्यालयाचा मंडप असो की सोसायटीच्या खिडक्यांच्या जाळ्या असोत, मोठे काम देणारी समिती आता ‘प्रेझेंटेशन आहे का?’ असे विचारते.

हा प्रश्न ऐकला की आपल्यापैकी बरेच जण एखाद्या संगणक केंद्रातल्या पोराला चार फोटो देऊन मोकळे होतात. तो पोरगा हौसेने अक्षरे गरागरा फिरवतो, फोटो उडवत आणतो आणि प्रत्येक पानाला टाळ्यांचा आवाज जोडतो. समितीचे लोक दोन मिनिटे गंमत पाहतात. मग दर काय, मुदत किती, माल कोणता, हे विचारतात. त्याचे उत्तर त्या स्लाईडींत कुठेच नसते. कारागिराचा हात चांगला असून ऑर्डर मात्र दाखवण्यात हुशार असलेल्या परगावच्या ठेकेदाराकडे जाते. पुढे हेच काम अनेकदा आपल्याच कारागिराकडे येते, पण पोटठेक्याने आणि कमी मजुरीत.

आमचे मत असे आहे की स्लाईडमध्ये हालचाल जरूर घालावी आणि गिऱ्हाइकाला बोट ठेवून विचारता येईल अशी सोयही जरूर करावी. मात्र ज्या कामातच हालचाल किंवा क्रम आहे, तिथेच स्लाईड हलावी. काय हलावे आणि काय स्थिर राहावे, हे ठरवण्याचे काम संगणक चालवणाऱ्याने नव्हे तर धंदा जाणणाऱ्याने करावे.

ही कला आपल्याकडे नवी नाही

स्लाईड हलवण्याची कल्पना परदेशी कंपनीने आपल्याला शिकवली, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक महाराष्ट्रात हा खेळ सिनेमाच्याही आधीचा आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांसह 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर टाकायची आणि एकामागून एक काचा बदलून माणसे हलल्याचा भास निर्माण करायचा, असा तो प्रकार होता. सोबत निवेदन आणि गाणी असत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली ती 7 जुलै 1896 रोजी, म्हणजे त्यानंतर. त्या काचा रंगवणाऱ्याला एका हालचालीसाठी अनेक काचा हाताने रंगवाव्या लागत. साहजिकच जिथे कथेला गरज आहे तिथेच तो हालचाल दाखवी. आज हालचाल एका क्लिकमध्ये फुकट मिळते, म्हणून ती हवी तिथे आणि नको तिथेही टाकली जाते.

पुढे टॉकीजच्या काळात मध्यंतरात गावातल्या दुकानांच्या जाहिरातींच्या काचा दाखवत. गावचा पेंटर ती काच रंगवून देई. त्यावर दुकानाचे नाव, माल आणि ठिकाण एवढेच असे. एवढ्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकान शोधत येई. स्लाईड हा शब्द आपल्या बाजाराच्या ओळखीचा आहे, तो या टॉकीजच्या काचेपासून.

संगणकावरचा पॉवरपॉइंट हा कार्यक्रम 1987 साली अमेरिकेतील फोरथॉट या छोट्या कंपनीने बाजारात आणला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. आज हाच एक कार्यक्रम आहे असे नाही. लिब्रे ऑफिसमधला इम्प्रेस फुकट मिळतो, गुगल स्लाइड्स मोबाइलवरही चालतो. म्हणजे पैशाची अडचण फारशी राहिलेली नाही. अडचण आहे ती काय दाखवायचे याचा विचार न करण्याची.

गादीवाल्याचे उदाहरण

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. गादी-रजईचे काम करणारे मन्सूरी बांधव इथल्या गावोगावच्या ओळखीचे आहेत. आता समजा, एका वसतिगृहाला 60 गाद्या हव्या आहेत आणि आपल्या कारागिराला समितीपुढे दहा मिनिटे मिळाली आहेत. तयार गादी कोणाचीही असली तरी वरून सारखीच दिसते. फरक असतो तो पोटात. आत कापूस कोणता आहे, तो नवा आहे की जुना पिंजलेला, थर किती जाड आहे, कडा कशा बांधल्या आहेत आणि टाके किती जवळ आहेत, यावर गादी दोन वर्षे टिकेल की पाच, हे ठरते. गादी उसवून दाखवता येत नाही. इथे स्लाईडची हालचाल खरोखर उपयोगी पडते.

पहिल्या क्लिकला रिकामी खोळ दिसावी. दुसऱ्या क्लिकला कापसाचा पहिला थर यावा, तिसऱ्याला दुसरा. मग कडा बांधलेली दिसावी आणि शेवटी टाके. प्रत्येक पायरीला कारागिराने थांबून दोन वाक्ये बोलावीत. या सर्वाला ‘अपिअर’ किंवा ‘वाइप’ या दोनच साध्या हालचाली पुरतात. पहिलीत चित्र जागेवर प्रकट होते, दुसरीत ते एका बाजूने पुसत आल्यासारखे उघडते. फोटो आपल्याच कामाचे, मोबाइलवर एकाच जागेवरून, एकाच उजेडात काढलेले असावेत. मोबाइल हलला तर गादी स्लाईडवर इकडून तिकडे उडी मारते आणि सगळा परिणाम जातो.

सुताराचेही असेच आहे. यवतमाळच्या जंगलातील सागवानाचे नाव सर्वांना माहीत आहे, पण पलंगाचा सांधा खिळ्यांवर उभा आहे की एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत पक्के बसवले आहे, हे रंग दिल्यावर दिसत नाही. दोन तुकडे वेगळे दाखवून ते एकमेकांत सरकताना दाखवले की सांगण्यासारखे फारसे उरत नाही. लोहाराला डवऱ्याचे पाते कसे बदलते ते दाखवता येईल. शिंप्याला एकाच शाळेच्या गणवेशातली वाढीसाठी सोडलेली शिलाई उलगडताना दाखवता येईल. या सर्व ठिकाणी हालचाल ही कामाचाच भाग आहे.

याउलट दरपत्रक, कामाची मुदत, जीएसटी क्रमांक, बँकेचा तपशील आणि आधी केलेल्या कामांची यादी या गोष्टी हलण्याचे काही कारण नाही. दर उडत येत असतील तर वाचणाऱ्याला ते लपवल्यासारखे वाटतात. कर्जाच्या कामात तर आम्ही म्हणू की हालचाल मुळीच नको. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात मोडतो. त्याला स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरी भागात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के असते. या योजनेचा प्रकल्प अहवाल तपासणारा अधिकारी आकडे जुळतात का ते पाहतो. त्याच्यापुढे स्वच्छ छापलेला कागद ठेवावा.

तज्ज्ञ काय म्हणतात

हे केवळ आमचे मत आहे असे कोणी समजू नये. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली हलत्या चित्रांवरील अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. हलते चित्र स्थिर चित्रापेक्षा जास्त शिकवतेच असे दिसत नाही, कारण ते पुष्कळदा फार वेगाने जाते आणि पाहणाऱ्याला पकडता येत नाही, असे त्यांनी दाखवले. उपायही त्यांनीच सुचवला. पाहणाऱ्याला थांबवता यावे, मागे जाता यावे, हवा तो भाग पुन्हा पाहता यावा. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानेही शोभेसाठी जोडलेली चित्रे आणि आवाज मुख्य गोष्ट समजण्याच्या आड येतात, असे प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

स्लाईडमध्ये महत्त्वाची गोष्ट दडपली गेली तर काय होते, याचे मोठे उदाहरण 2003 सालचे आहे. कोलंबिया हे अंतराळयान 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतताना नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. यान उडताना त्याला झालेल्या आघाताची चर्चा स्लाईडींवर झाली होती. त्यातील धोक्याची बाब खालच्या, बारीक ओळींत गेली होती. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. इतक्या हुशार लोकांचे असे होते, तर आपण मालाची मुदत आणि अटी शेवटच्या स्लाईडच्या तळाशी बारीक टाइपात का घालाव्यात?

फवारणीचा धडा

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट माणसांच्या जिवापर्यंत जाते. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, औषधे एकत्र मिसळून मारली जात होती, तोंडावर धड फडके नव्हते. सूचना डब्याच्या कागदावर होत्या, पण बारीक अक्षरांत. फवारणारा माणूस अनेकदा ज्याची घरची बोली कोलामी, गोंडी किंवा बंजारा आहे असा मजूर असतो. त्याने तो कागद वाचावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आपल्यापैकी काही जण कृषी केंद्र चालवतात, काही फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात टीव्ही असतो, तो दिवसभर चालू असतो. त्यावर अवघ्या सहा स्लाईडी फिरत राहिल्या तरी मोठे काम होईल. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण सरकतो आहे, माणूस वाऱ्याकडे पाठ करून चालतो आहे आणि फवारा त्याच्यापासून दूर जातो आहे. हे शब्दांत सांगायला पाच वाक्ये लागतात, हलत्या चित्रात पाच सेकंद. इथे चित्र हललेच पाहिजे, कारण वारा हलतो. हातमोजे, तोंडाचे आच्छादन, जेवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, रिकामा डबा घरी न वापरणे, या सूचना स्थिर चित्रांत ठीक आहेत.

डब्यावरील रंगीत त्रिकोणासाठी मात्र बोट ठेवण्याची सोय उत्तम. स्लाईडवर चार त्रिकोण ठेवावेत. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. गिऱ्हाइकाने ज्या रंगावर बोट ठेवले त्याचीच माहिती उघडावी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, ही ओळ त्यात ठळक हवी. दुकानदाराला यात एक पैशाचा खर्च नाही. ज्या दुकानात औषध विकताना ते वापरायचेही शिकवले जाते, त्या दुकानावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. हा विश्वास व्यापाराचे खरे भांडवल आहे.

बोट गिऱ्हाइकाचे, उत्तर आपले

स्लाईडींत प्रश्नोत्तराची सोय करणे अवघड नाही. कोणत्याही चित्रावर किंवा चौकटीवर त्याच फाइलमधल्या दुसऱ्या स्लाईडचा दुवा, म्हणजे हायपरलिंक, जोडता येतो. पहिल्या पानावर ‘एकेरी गादी’, ‘दुहेरी गादी’, ‘उशी’, ‘रजई’ अशा चार चौकटी ठेवाव्यात. जिच्यावर बोट ठेवले तिचे पान उघडावे आणि प्रत्येक पानावर परत जाण्याची एक चौकट असावी. ‘ट्रिगर’ नावाच्या सोयीने एखाद्या चित्रावर क्लिक केले की त्याच पानावर माहिती उघडते. दुकानाच्या काउंटरवर टॅबलेट ठेवायचा असेल तर ‘कियॉस्क’ पद्धत निवडावी, म्हणजे चौकटीशिवाय इतरत्र बोट लागून पाने पुढे पळत नाहीत.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. स्लाईड स्वतः हिशेब करीत नाही. वरच्या उदाहरणात एका गादीत 10 किलो कापूस धरला तर 60 गाद्यांना 600 किलो लागेल आणि 8 किलो धरला तर 480 किलो. हा 120 किलोंचा फरक समितीला दाखवायचा असेल तर दोन्हींची पाने आधी करून ठेवावी लागतात. तेवढी मेहनत केलेली चांगली. समितीतला कोणी ‘थोडे स्वस्तात नाही का?’ असे विचारील तेव्हा तुम्ही बोट ठेवून स्वस्त गादी काय असते तेही दाखवू शकाल. निर्णय त्यांचा, पण माहिती पूर्ण दिलेली. घासाघीस तिथेच अर्धी संपते.

मापात पाप नको

हालचालीत एक धोकाही आहे. पडद्यावर वर चढत जाणारे खांब पाहून माणूस भुलतो. विक्री 100 वरून 104 झाली असेल आणि खांबांची सुरुवात शून्याऐवजी 98 पासून केली तर दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट दिसतो. त्यात तो सरसर वाढताना दाखवला की पाहणारा फसतोच. दुसऱ्याच्या कामाचा इंटरनेटवरचा फोटो आपला म्हणून लावणे, डाग आलेला भाग झाकेल अशा जागी चित्र आणून ठेवणे, हेही त्याच प्रकारचे. तराजूत दांडी मारणे आणि पडद्यावर खांब ताणणे यांत आम्हांला फरक दिसत नाही. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकावा, ही आपली शिकवण पडद्यावर गेल्याने बदलत नाही. खांब शून्यापासून असावेत आणि फोटो स्वतःचेच असावेत.

काही व्यवहारी गोष्टी

आता थोडे हाताने करण्याचे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते आणि समितीपुढे मान खाली जाते. युनिकोड असूनही खास फॉन्ट वापरला असेल तर तो फाइलमध्येच समाविष्ट करून ठेवण्याची सोय पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत आहे. अक्षरे इतकी मोठी ठेवावीत की खोलीच्या शेवटच्या खुर्चीवरून चष्म्याशिवाय वाचता यावीत.

फाइल तीन रूपांत ठेवावी. समक्ष दाखवण्यासाठी मूळ फाइल, कारण हालचाल आणि बोट ठेवण्याची सोय दोन्ही त्यातच टिकतात. दुकानातल्या टीव्हीसाठी व्हिडिओ. त्यात हालचाल राहते पण बोट ठेवता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी पीडीएफ. त्यात हालचाल जाते, म्हणून थर एकावर एक चढलेले राहून गोंधळ होणार नाही, हे आधी उघडून पाहावे. हे तिन्ही पेनड्राइव्हवर असू द्यावे आणि सोबत छापील प्रत न्यावी. वीज गेली म्हणून ऑर्डर जाऊ नये.

काही ज्येष्ठ बांधव म्हणतील की आपला माल हातात घेऊन पाहण्याचा आहे, पडद्याचे हे सोंग कशाला? त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. गादीचा नमुना सोबत न्यावाच, सांध्याचा तुकडा समितीच्या हातात द्यावाच. जे हाताला कळते त्यासाठी स्लाईड करू नये. पण जे उसवल्याशिवाय, फोडल्याशिवाय, शेतात गेल्याशिवाय दाखवता येत नाही, त्यासाठी हे साधन आहे. नमुना आणि स्लाईड यांची जोडी करावी, भांडण लावू नये.

आमची सूचना अशी आहे की प्रत्येक मोहल्ल्यात संगणक शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांना सुटीच्या दिवसांत कारखान्यात आणून बसवावे. वडिलांनी काम सांगावे, मुलीने स्लाईड करावी. आधी कागदावर पेन्सिलीने सहा चौकोन काढून कोणत्या चौकोनात काय येईल ते लिहावे आणि संगणक नंतर उघडावा. प्रत्येक हालचालीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे हलले नाही तर गिऱ्हाइकाचे काय कळायचे राहील? काहीच राहत नसेल तर ती हालचाल काढून टाकावी. असे केल्यास सहा स्लाईडींत आपला कारागीर स्वतःचे काम स्वतः मांडू शकेल आणि पोटठेक्याच्या मजुरीऐवजी कामाचा पूर्ण मोबदला त्याच्याच घरी येईल.